कार्बवाल्या झेनचं व्हॉल्व्हचं काम, उद्यमनगर कोल्हापूर : सविस्तर रिव्ह्यू

ज्यांना नुसतं हो का नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, काम एक नंबर झालंय, पैसे वसूल आहेत, आणि ज्यांच्याकडे जुनी झेन, ८००, ओम्नी, एस्टीम असली गाडी आहे आणि ती विकायची नाहीये त्यांनी हेडचं (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) काम करायची वेळ आली की इथंच आणावं. आता ज्यांना का, कसं आणि किती ते पाहिजे त्यांनी पुढं वाचा, मोठं झालंय पण या विषयावर मराठीत नीट लिहिलेलं मला काहीच सापडलं नव्हतं म्हणून सगळंच लिहितोय.

गाडी आपली पहिल्या पिढीतली झेन, कार्ब्युरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळून देणारा भाग, पुढं नुसतं कार्ब म्हणतो). इंजिन जी१०बी, ९९३ सीसी, चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला एक इनलेट (हवा-पेट्रोल आत घेणारा) आणि एक एक्झॉस्ट (जळलेला धूर बाहेर सोडणारा). कंपनी ५० बीएचपी सांगायची. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, फक्त ६१ मिमी, त्यामुळं हे इंजिन मुळातच फिरायला आवडणारं आहे, खाली दम कमी आणि वर चढलं की मजा, ज्यांनी चालवलीय त्यांना माहितीय. आणि असल्या इंजिनाचा सगळा जीव श्वासात असतो. हवा नीट आत आली नाही की वरची मजा गेली, मग राहतो नुसता आवाज. माझ्या गाडीचं तेच झालेलं, ४००० आरपीएमच्या पुढं आवाज वाढायचा पण गाडी पुढं सरकायची नाही, आयडलिंगला हलकी थरथर, आणि सकाळी पहिल्या सेल्फला निळसर धूर. कार्ब साफ केला, प्लग बदलले, डिस्ट्रिब्युटर बघितला, फरक शून्य. शेवटी माझ्या नेहमीच्या मेकॅनिकनं कॉम्प्रेशन गेज लावलं तर तीन सिलिंडरला ११ ते १२ किलो दाब आणि दोन नंबरला ९ च्या खाली. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून परत घेतलं तरी काटा हलला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत, गळती वरून आहे, व्हॉल्व्हमधून. हेड उतरवायचं ठरलं.

आता हेड उतरवायचंच आहे तर नुसतं पेस्ट लावून घासून परत बसवण्यापेक्षा हवेचा रस्ता (हेडमधल्या या वाटेला पोर्ट म्हणतात) पण सुधारून घ्यावा हे डोक्यात होतंच. यात स्वप्नरंजन नाही, मारुतीनं स्वतःच हे करून दाखवलंय. हीच झेन २००० च्या आसपास १६ व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (कार्बऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन) घेऊन आली तेव्हा सीसी तेच ९९३ आणि पॉवर ६० बीएचपी. ८०० चं पण बघा, ७९६ सीसीत सहा व्हॉल्व्हवाल्याला ३७ बीएचपी आणि अल्टोत बारा व्हॉल्व्हवाल्याला ४६. इंजेक्शनचा वाटा त्यात आहेच, सगळं श्रेय व्हॉल्व्हला नाही, पण तेवढ्याच सिलिंडरमध्ये हवा सोपी शिरली की इंजिन किती मोकळं होतं याचा अंदाज येतो. मला आठाचे सोळा करायचे नव्हते, आहेत त्या आठातून जेवढं सोपं करता येईल तेवढं करायचं होतं.

शॉप शिवाजी उद्यमनगरात आहे, आतल्या गल्लीत. नाव, नंबर इथं टाकत नाही कारण शॉपचे मालक, ज्यांना मी मामा म्हणतो, त्यांना ते आवडत नाही, पण उद्यमनगरात हेडचं काम चांगलं कोण करतं असं दोन लेथवाल्यांना विचारलं तर दोघं पण तिकडंच बोट दाखवतील. कोल्हापुरात हे काम चांगलं का होतं त्याला कारण आहे. हा सगळा भाग ऑइल इंजिनवर वाढलाय, शेतीच्या पंपाची इंजिनं, फाउंड्री, लेथ, बोअरिंग, पिढ्यानपिढ्या हेच चाललंय. व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह मिटल्यावर टेकतो ती कडा) बदलणं, गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) ठोकणं हे इथल्या पोराला सायकल चालवण्याआधी येतं असं म्हटलं तरी चालेल. मामांचे वडील पण पंपाच्या इंजिनांचीच हेड करायचे.

तिथं गेल्यावर मी म्हटलं, "मामा, व्हॉल्व्ह मोठे टाकायचे, पोर्ट मोठे करायचे, काय लागेल?" मामांनी हेड हातात घेतलं, उलटं केलं, चेंबरवरून (जिथं मिक्श्चर जळतं तो खळगा) बोट फिरवलं आणि म्हणाले, "मोठे टाकायला जागा कुठाय सांगा बघू आधी." आणि मग दाखवलं. ७२ मिमीचा बोअर, त्यात दोन व्हॉल्व्ह आणि प्लग. दोन सीटच्या मध्ये ॲल्युमिनियमची जी पट्टी राहते, तिला ते पूल म्हणतात, ती आधीच बारीक आहे. मोठा व्हॉल्व्ह टाकायचा म्हणजे मोठी सीट रिंग आली, मोठी रिंग म्हणजे पूल अजून बारीक, आणि एका बाजूला एक्झॉस्टची आग आणि दुसऱ्या बाजूला थंड मिक्श्चर म्हटल्यावर तिथंच तडा जातो. हे काय कोल्हापूरचं अंधश्रद्धेचं ज्ञान नाही, साठच्या दशकात इंग्लंडमध्ये मिनी कूपर एसच्या हेडला मोठे व्हॉल्व्ह बसवले तेव्हा दोन सीटच्या मधल्या त्याच पट्टीला तडे जायचा आजार गाजलेला आहे, आणि ती कंपनीनं बनवलेली गाडी, माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ ला जिंकलेली. शिवाय मोठा व्हॉल्व्ह चेंबरच्या भिंतीला जाऊन टेकतो, मग त्या बाजूनं हवा जातच नाही, कागदावर व्हॉल्व्ह मोठा आणि प्रत्यक्षात अर्धा बंद. त्यामुळं मामांनी मोठे व्हॉल्व्ह बसवायला सरळ नाही म्हटलं. पैसे मिळत असताना गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा माणूस दिसला की माझा विश्वास तिथंच बसतो.

मग करायचं काय? तर सगळा खेळ सीटच्या आजूबाजूच्या दोन-चार मिलिमीटरचा आहे. हे जरा नीट सांगतो कारण मला स्वतःला हे कळल्यावर बाकीचं सगळं आपोआप कळत गेलं.

व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा हवा व्हॉल्व्हच्या कडेनं गोल पडद्यासारख्या फटीतून आत जाते. त्या फटीचं क्षेत्रफळ म्हणजे व्हॉल्व्हचा परीघ गुणिले तो किती उचललाय ते. समजा व्हॉल्व्ह ३६ मिमीचा आहे, तर तो ९ मिमी उचलला की फटीचं क्षेत्रफळ बरोब्बर त्या ३६ मिमीच्या गोलाएवढं होतं, साधारण १०१८ चौरस मिमी. म्हणजे व्यासाच्या पाव भागाएवढा व्हॉल्व्ह उचलला गेला की तिथून पुढं अडचण फटीची राहत नाही, पोर्टची सुरू होते. पण २ मिमीला ती फट फक्त २२६ चौरस मिमी असते. आणि जुन्या आठ व्हॉल्व्हच्या साध्या कॅमवर (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किती वेळ असतो? एक क्षण. बाकी सगळा वेळ तो उघडताना किंवा मिटताना असतो, कमी उचलीतून जाताना एकदा आणि येताना एकदा, दोनदा जातो. म्हणजे हवेचा बराचसा प्रवास त्या बारीक फटीतून होतो आणि तिथं सीटचा कोन कसा आहे, व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला धार आहे का उतार आहे, यावर सगळं ठरतं. पोर्ट आरशासारखा चकाचक केला आणि सीट तशीच ठेवली तर त्या पॉलिशचे पैसे पाण्यात.

मामांनी केलं ते असं. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून वायर ब्रशनं कार्बन काढला, गाईडमध्ये नवीन व्हॉल्व्ह घालून डायल गेजनं हलवून बघितलं. एक्झॉस्टचे गाईड गेलेले, इनलेटचे दोन बॉर्डरवर, मामा म्हणाले सगळेच बदलू. गाईड हललं की व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो, मग वरची सीट कितीही भारी कापा, महिन्यात परत गळणार. सीट कटर गाईडमध्ये घातलेल्या पायलटवरच, म्हणजे सरळ दांडीवरच, फिरतो त्यामुळं आधी गाईड आणि मग सीट, हा क्रम उलटा करणाऱ्याकडं हेड देऊच नका. मला आधी एका ठिकाणी (ते शहर वेगळं, नाव घेत नाही) नुसती सीट कापून आणि पेस्टनं घासून दिलेली, गाईडला हात पण लावला नव्हता, आणि व्हॉल्व्ह सील म्हणून जे बसवलेलं ते रबर इतकं कडक झालेलं की नखानं तुकडे पडत होते. सकाळचा निळा धूर तोच, तिथूनच उतरणाऱ्या ऑइलचा.

मग सीट. तीन कोनात कापली, वरती चेंबरच्या बाजूला ३० अंश, मध्ये व्हॉल्व्ह जिथं टेकतो तो ४५, आणि खाली पोर्टच्या बाजूला ६०. यामुळं हवा एकदम काटकोनात वळण्याऐवजी टप्प्याटप्प्यानं वळते. आणि मधली ४५ ची पट्टी किती रुंद ठेवायची हे वरच्या आणि खालच्या कापावरून ठरतं. इनलेटला साधारण १ मिमीच्या थोडी वर ठेवली आणि एक्झॉस्टला दीडच्या आसपास. एक्झॉस्टला जास्त का, तर तापलेला व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता टेकल्यावर सीटमधूनच हेडला देतो, पट्टी फार बारीक केली तर थोडी हवा जास्त जाईल पण व्हॉल्व्ह जळेल. रेसच्या गाडीला चालतं, चार रेस झाल्या की हेड उघडतात. रोजच्या गाडीला नाही. मी विचारलं पण होतं की एक्झॉस्ट पण बारीक करा ना, तर मामा म्हणाले, "तुम्ही गाडी रत्नागिरीला नेणार का ट्रॅकवर?" विषय संपला.

प्रत्येक सीट कापल्यावर निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवून फिरवायचा आणि उचलून बघायचं, व्हॉल्व्हच्या तोंडावर निळी रेघ सगळीकडून सारखी आली पाहिजे आणि ती कडेपासून किंचित आत असली पाहिजे. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला रेघ एका बाजूला पुसट आली. मला तर दिसली पण नसती, मामांनी चष्मा वर करून डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि परत कटर लावला, हातानं, दोन फेऱ्या, दाब इतका कमी की निघालेला चुरा पिठासारखा बारीक होता. परत निळा, परत रेघ, आता सारखी. ही दोन मिनिटं बघण्यासाठी तिथं उभं राहावं, खरंच सांगतो.

व्हॉल्व्हना बॅक कट दिला. म्हणजे व्हॉल्व्हच्या ४५ च्या तोंडाच्या लगेच मागं, दांडीच्या बाजूला, जी धार असते ती ३० अंशात काढून टाकायची. बघायला काहीच वाटत नाही, एक पातळ चकचकीत रिंग दिसते फक्त. पण कमी उचलीला हवा तिथूनच घसरून जाते आणि माझ्या मते कमी पैशात सगळ्यात जास्त फायदा देणारं काम हेच आहे. कडेची जाडी मात्र सांभाळावी लागते, व्हॉल्व्ह घासून घासून कड पत्र्यासारखी पातळ झाली की ती लाल होते आणि मग नॉकिंग, नंतर तुकडाच. माझे जुने दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मामांनी याच कारणानं बाजूला काढले. नवीन आणले ते आधी चुंबक लावून बघितले. हे मला नवीन होतं. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं ज्या पोलादाचं असतं त्याला चुंबक चिकटत नाही, दांडीच्या टोकाला चिकटतो कारण तिथं दुसरं पोलाद जोडलेलं असतं. सगळीकडं कचकन चिकटला की मामा तो व्हॉल्व्ह एक्झॉस्टला वापरत नाहीत. बाजारात झेनचे चांगले व्हॉल्व्ह मिळणं आता अवघड होत चाललंय त्यामुळं जुने चांगले असतील तर फेकू नका, ठेवा.

पोर्टमध्ये किती हात घालायचा यावर आमची बरीच चर्चा झाली. सीटच्या लगेच खाली वाटीसारखा जो भाग असतो तिथं कारखान्यात मशीनचा कट जिथं संपतो आणि ओतीव भाग सुरू होतो तिथं एक पायरी राहिलेली असते, ती डाय ग्राइंडरनं काढून सलग केली. गाईडचा जो उंचवटा पोर्टमध्ये येतो तो बाजूनं निमुळता केला, कापून टाकला नाही कारण गाईडला आधार पाहिजे आणि उष्णता पण तिथूनच जाते. इनलेट मॅनिफोल्ड आणि हेडचं तोंड गॅस्केट ठेवून जुळवलं, एका पोर्टला चांगली दीड मिमीची पायरी होती. बस. पोर्टचा व्यास वाढवला नाही. लोक इथंच फसतात. लहान इंजिनात हवेचा वेग हाच खालचा टॉर्क असतो, पोर्ट मोठा केला की वेग पडतो, मग सिग्नलवरून निघताना गाडी मेल्यासारखी आणि फक्त ५००० च्या वर काहीतरी होतंय असं वाटतं, आणि गावात ५००० ला कोण चालवतंय?

पॉलिशचं पण तसंच. एक्झॉस्ट पोर्ट गुळगुळीत केला, कार्बन कमी धरतो. इनलेट मात्र मुद्दाम खरबरीत ठेवला, ८० नंबरच्या पेपरचा हात मारून. कार्बच्या गाडीत पेट्रोल हवेबरोबर थेंबाथेंबानं येतं, भिंत काचेसारखी असेल तर ते तिथं चिकटून ओघळतं, खरबरीत असेल तर परत हवेत उडतं. चकाचक इनलेट पोर्टचे फोटो बघून ज्यांना तसंच हवंय त्यांनी हे लक्षात ठेवा.

आता या शॉपची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मामांच्या मुलानं घरगुती फ्लो बेंच, म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजायचं यंत्र, बनवलाय. प्लायवूडची पेटी, आत व्हॅक्युम क्लिनरच्या मोटरी, वर हेड ठेवायला बोअरएवढं भोक असलेली प्लेट, आणि बाजूला भिंतीवर पट्टीला बांधलेली पारदर्शक नळी, त्यात रंगीत पाणी. व्हॉल्व्ह स्क्रूनं ढकलून उघडायचा, डायल गेजवर १ मिमी, २ मिमी, ३ मिमी असं बघत जायचं आणि पाण्याची पातळी वहीत लिहायची. मोठ्या शहरातल्या बेंचसारखे आकडे यातून येत नाहीत, पण आधी आणि नंतर, आणि चार सिलिंडरमधला फरक, एवढं चोख कळतं. माझ्या हेडचं वहीतलं पान मला दाखवलं. २ ते ५ मिमीच्या उचलीत आधी आणि नंतरमधला फरक स्पष्ट होता, वर ८ मिमीला जवळजवळ काहीच नाही, जे आधी सांगितलेल्या हिशोबाशी जुळतं. आणि चार नंबरचा इनलेट आधी बाकीच्यांपेक्षा मागं होता, तो ओळीत आला. चार सिलिंडर सारखे असणं याला लोक किंमत देत नाहीत. कार्ब एकच आहे, चौघांना एकच मिक्श्चर जातंय, त्यातला एक कमी श्वास घेत असेल तर तुम्ही सेटिंग कुणासाठी करणार?

शेवटी हेडला फेसिंग केलं, म्हणजे खालची सपाट बाजू मशीनवर घासून घेतली, अगदी ओरखडा निघेल एवढंच. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह थोडा आत बसतो, चेंबर मोठं होतं, कॉम्प्रेशन किंचित पडतं, ते थोड्या फेसिंगनं भरून येतं. पण जास्त खरवडलं तर हेड खाली येतं आणि टायमिंग बेल्टमुळं कॅमचं टायमिंग पण सरकतं, त्यामुळं फेसिंग जास्त मार म्हणून मागं लागू नका. व्हॉल्व्ह आत बसला की दांडी वर जास्त निघते आणि स्प्रिंगला जागा वाढते म्हणजे स्प्रिंग ढिली पडते, तिथं खाली पातळ शिम (चकत्या) टाकल्या. किती जण हे बघतात? हेड जोडून झाल्यावर उलटं करून, प्लग लावून चेंबरमध्ये रॉकेल ओतलं आणि तसंच ठेवून दिलं. मी चहा पिऊन आलो तरी एका पण पोर्टमध्ये ओल नव्हती.

खर्चाचं सांगतो. हेडवर्कची मजुरी, गाईड, सील, दोन व्हॉल्व्ह धरून दहा हजाराच्या आत बसलं, त्यातली निम्म्यापेक्षा जास्त मजुरी. हेड काढणं-बसवणं, गॅस्केट, टायमिंग बेल्ट, कूलंट, ऑइल हे माझ्या मेकॅनिककडं वेगळं. नुसतं घासून देणारे याच्या पाव पैशात देतात हे खरं आहे, पण मी तो अनुभव घेतलेलाच आहे.

तक्रारी पण आहेत. वेळ. मामा स्वतः सीट कापतात, पोराला देत नाहीत, त्यामुळं नंबर लागतो आणि सांगितलेल्या तारखेला काम होत नाही. मला एक आठवडा सांगितलेला, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त लागले. फोन केला तर उचलत नाहीत, मशीनवर असतात, जाऊन उभं राहणं हाच उपाय, बाहेरगावच्या माणसानं करायचं काय? दुसरं, ते फक्त हेड घेतात, गाडी घेत नाहीत. म्हणजे तुमच्याकडं हेड नीट उतरवणारा आणि टॉर्क रेंच वापरून मधून कडेकडं क्रमानं बोल्ट आवळणारा मेकॅनिक पाहिजे, अंदाजानं आवळणारा असेल तर हे सगळं काम गॅस्केटवर वाया जाईल. आणि बिल मागावं लागतं. मागितल्यावर व्यवस्थित दिलं, पण मागावं लागतं.

गाडी चालू झाल्यावर कार्ब परत सेट करावाच लागतो, हे मामांनी आधीच सांगितलेलं. हवा जास्त जायला लागली की जुनं सेटिंग चालत नाही. आयडल मिक्श्चर पीयूसीवाल्याच्या मशीनवर सीओ बघत सेट केलं, टायमिंग लाइटनं टायमिंग बघितलं, मग हायवेला एक लांब चक्कर मारून लगेच प्लग काढून रंग बघितला, पांढुरका नव्हता, तपकिरी होता, म्हणजे वरच्या आरपीएमला पेट्रोल कमी पडत नाही. पांढरा आला असता तर कार्बचा मेन जेट (पेट्रोल येतं ते भोक) एक नंबर वर घ्यायचा होता. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली बारीक फट, क्लिअरन्स) सुरुवातीच्या हजारेक किलोमीटरनंतर परत बघा, नवीन सीट बसते तशी क्लिअरन्स कमी होते आणि टॅपेट टाइट राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, नवीन व्हॉल्व्ह जाळायचा हा सोपा मार्ग आहे. माझे एक्झॉस्टचे दोन थोडे टाइट निघाले, सेट केले.

रिझल्ट. कॉम्प्रेशन चारी सिलिंडरला १३ किलोच्या आसपास, एकमेकांत फरक नगण्य. धूर गेला. आयडलिंग इतकं शांत की सिग्नलला आरसा हलत नाही. पण ज्यासाठी केलं ते म्हणजे वरचा श्वास. आंबा घाट साखरप्याकडून चढताना, चार माणसं आणि सामान, जिथं आधी तिसऱ्यात गाडी दम टाकायची आणि दुसरा टाकावा लागायचा तिथं आता तिसऱ्यातच खेचत जाते, आणि ४००० च्या पुढं जो नुसता आवाज होता तिथं आता खरोखर ओढ आहे. खालचा टॉर्क कमी झाला नाही, हे मला जास्त महत्त्वाचं. ॲव्हरेज हायवेला थोडं सुधारलंय, गावात तेवढंच, आणि ॲव्हरेजसाठी म्हणून कुणी हे करू नये. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, या फायद्यातला निम्मा तरी वाटा गळती बंद झाली याचा आहे, म्हणजे जे कंपनीनं दिलेलं ते परत मिळालं. उरलेला वाटा कोन, बॅक कट आणि ती पायरी काढण्याचा. दोन्ही वेगळे करून मोजता येत नाहीत आणि मला गरज पण वाटत नाही. कुणी नुसत्या व्हॉल्व्हच्या कामानं झेनला १५ बीएचपी वाढवून देतो म्हणाला तर तिथून उठा.

गॅसवर चालणाऱ्या ओम्नी आणि ८०० वाल्यांसाठी वेगळं. एलपीजी आणि सीएनजी कोरडे, पेट्रोलसारखा ओलावा नाही, एक्झॉस्ट सीट त्यात झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो. तुम्ही बॅक कट वगैरेच्या मागं लागण्याआधी मामांकडून कडक सीट रिंगा टाकून घ्या, हेड तापवून आणि रिंग गार करून बसवतात, निघत नाही. ॲम्बेसेडर पेट्रोलची ओतीव लोखंडी हेड पण तिथं येतात, त्यात सीट हेडमध्येच कापलेली असते, आणि शिसं असलेलं पेट्रोल २००० साली देशभर बंद झाल्यापासून शिशाचा जो लेप सीटला वाचवायचा तो राहिला नाही, त्यांना पण हाच सल्ला.

आरटीओचं कुणीतरी विचारणारच म्हणून, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला बंदी आहे. इथं सीसी तेच, इंजिन नंबर तोच, व्हॉल्व्हचा साइज पण तोच. इंजिनच दुसरं टाकणार असाल तर ते आरसीवर चढवावं लागतं, तो विषय वेगळा.

आणि हेड घेऊन जाणार असाल तर कॅम, रॉकर, शिम आणि जुने व्हॉल्व्ह, सगळं सिलिंडरच्या नंबरप्रमाणं वेगवेगळ्या पिशव्यांत घालून न्या, पिशवीवर पेननं नंबर टाका. मामा त्यातलं काय वापरायचं ते ठरवतील. शनिवारी जाऊ नका, गर्दी असते. सकाळी दहाच्या आधी गेलात तर बोलायला वेळ देतात, आणि चेंबरमध्ये रॉकेल ओतून समोर दाखवल्याशिवाय हेड उचलू नका, ते स्वतःच दाखवतात पण तुम्ही थांबून बघा.